मोजणी, नक्कल आणि शोध: इतिहासाच्या प्राध्यापकांचा संगणकी व्यवहार

इतिहासाच्या प्राध्यापकाच्या कामात संगणक शिरला तो मोजणीसाठी. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या काही विद्यापीठांत करवसुलीच्या वह्या, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शिरगणतीची पाने पंचकार्डांवर उतरवायला सुरुवात झाली. पंचकार्ड म्हणजे ८० रकान्यांचा जाड कागदाचा तुकडा. एका रकान्यात एक अंक किंवा एक अक्षर, तेही छिद्रांच्या भाषेत. माणसाचे वय, धंदा, घरातली माणसे, जमीनजुमला हे सारे त्या ८० रकान्यांत बसवायचे. बसणार नाही ते गाळायचे, नाहीतर दुसरे कार्ड घ्यायचे. कार्डांचे गठ्ठे विद्यापीठाच्या संगणक केंद्रात नेऊन द्यायचे आणि छापील निकालाची वाट पाहत थांबायचे. यंत्राची मोजणी लवकर उरके. कार्डे भरण्यात मात्र वर्षे जात, आणि इतिहासकाराचा खरा निर्णय त्याच वर्षांत होऊन जात असे: कागदावरचा कोणता शब्द कोणत्या रकान्यात जाणार, हा.

या पद्धतीचा सर्वांत देखणा नमुना फ्लॉरेन्सचा. १४२७ साली फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाने आपल्या ताब्यातल्या टस्कनी प्रदेशात 'कातास्तो' नावाची करआकारणी केली. प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपली घरे, शेते, देणी-येणी आणि घरातली माणसे जाहीर करायची होती. माणसांसाठी त्या कागदांत 'बोक्के' असा शब्द येतो. त्याचा अर्थ तोंडे. मराठीत 'खाणारी तोंडे' म्हणतात, अगदी तसा. फ्लॉरेन्स शहरात दर तोंडामागे २०० फ्लोरिनची वजावट मिळे, त्यामुळे तोंडे लपवण्यापेक्षा सांगण्यातच फायदा होता. अमेरिकी प्राध्यापक डेव्हिड हर्लिही आणि फ्रेंच संशोधिका क्रिस्तियान क्लापिश-झ्युबेर यांनी १९६६पासून ह्या नोंदी यंत्रात घालायला घेतल्या. सुमारे ६०,००० कुटुंबे, २,६०,०००हून अधिक माणसे. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९७८ साली.

बारा वर्षांच्या या कष्टातून जे दिसले, ते एखाद-दुसऱ्या घराण्याची कागदपत्रे वाचून दिसले नसते. फ्लॉरेन्समधले पुरुष साधारण तिशीत लग्न करत आणि मुली अठराच्या आसपास उजवल्या जात. त्यामुळे विधवांची संख्या मोठी होती आणि बाप-मुलांत वयाचे अंतर फार असे. आणखी एक गंमत कळली. स्वतःचे वय सांगताना लोक तीस, चाळीस, पन्नास अशा गोल आकड्यांकडे झुकत. यंत्राने काढलेल्या आलेखात त्या आकड्यांवर उंच सुळके उभे राहिले. नोंद खोटी नव्हती. वय वर्षांनी मोजण्याची सवयच ढिली होती. एकेक कागद वाचणाऱ्याला 'वय चाळीस' ही साधी नोंद वाटते. अडीच लाख नोंदी एकत्र आल्या की त्या नोंदीमागची सवय दिसते.

मोजणीचा उत्साह अंगाशी आला तो अमेरिकेत. १९७४ साली रॉबर्ट फोगेल आणि स्टॅन्ली एंगरमन यांचा 'टाइम ऑन द क्रॉस' हा दोन खंडांचा ग्रंथ आला. दक्षिणेतल्या गुलामगिरीचा हिशेब त्यांनी मळ्यांच्या वह्या, किमती आणि जनगणनेवरून मांडला. गुलामांची शेती तोट्याची होती आणि आपोआप बुडाली असती, हा जुना समज त्यांनी खोडला. तो भाग बराचसा टिकला. फटक्यांच्या आकड्याने मात्र वादळ उठले. लुइझियानातल्या बेनेट बॅरो या मळेवाल्याच्या रोजनिशीतल्या यादीवरून त्यांनी सरासरी काढली: वर्षाला माणशी ०.७ वेळा फटक्यांची शिक्षा. वाचताना आकडा किरकोळ वाटतो. हर्बर्ट गुटमन या श्रमिकांच्या इतिहासकाराने १९७५ साली त्याच यादीचे भागाकार उलटे केले. मळ्यावरच्या माणसांची संख्या फुगवून धरली आहे, हा एक आक्षेप. दुसरा अधिक मर्मावर बोट ठेवणारा. फटके माणशी मोजण्याऐवजी दिवसांनी मोजले, तर त्या मळ्यावर साधारण दर साडेचार दिवसांनी कुणाला ना कुणाला मार बसत होता, आणि तो बाकीचे सगळे पाहत होते. दोन्ही हिशेब एकाच रोजनिशीतले. दहशत मात्र एकाच हिशेबात दिसते. फोगेल यांना १९९३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण इतिहासाच्या विभागांत आकडेमोडीविषयीचा संशय त्या वादापासून घट्ट बसला.

फ्रान्समध्ये एमान्युएल ल रुआ लादुरी यांनी १९६८ साली भाकीत केले होते की उद्याच्या इतिहासकाराला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिता आले नाहीत तर त्याला स्थान उरणार नाही. सात वर्षांनी, १९७५ साली, त्यांचा स्वतःचा जगभर गाजलेला ग्रंथ आला: 'माँतायू'. पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्याची ही कथा चौदाव्या शतकातल्या एका बिशपने घेतलेल्या पाखंड-चौकशीच्या दप्तरावरून लिहिलेली आहे. त्यात मेंढपाळ आहेत, कुचाळक्या आहेत, प्रेमप्रकरणे आहेत. पंचकार्ड औषधालाही नाही.

१९८०च्या दशकात टेबलावर मावणारा संगणक आला आणि संगणक केंद्राच्या खिडकीपाशी रांग लावणे संपले. जर्मनीत ग्यॉटिंगेनला मान्फ्रेड थालर यांनी 'क्लिओ' ही प्रणाली रचली. मुळातला शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याचा अर्थ लावणे नंतरच्या टप्प्यावर टाकायचे, हा तिचा गाभा. 'अंदाजे', 'उन्हाळ्यात', 'तीन शिलिंग सोडून' अशा नोंदी गाळाव्या लागू नयेत, म्हणून ही सोय. कल्पना दूरदर्शी होती, पण वापरायला अवघड असल्याने मर्यादित वर्तुळातच राहिली.

टेबलावरच्या संगणकाचा सर्वांत चिवट वापर केला तो ग्वेंडोलिन मिडलो हॉल (१९२९–२०२२) यांनी. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या हॉल रटगर्स विद्यापीठात प्राध्यापक होत्या. अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या मूळ ओळखी पुसल्या गेल्या, त्यांचा माग लागणे अशक्य, असे तेव्हा जवळपास सर्वमान्य होते. १९८४ साली हॉल लुइझियानातल्या पॉइंट कूपे या परगण्याच्या कचेरीत जुने दस्त पाहायला गेल्या आणि हा समज तिथेच मोडला. लुइझियाना आधी फ्रेंचांच्या आणि मग स्पॅनिशांच्या ताब्यात होते. तिथल्या कायद्यात नोटरीला मोठे स्थान होते. मालक मेला, मालमत्ता विकली, गहाण पडली की तपशीलवार यादी होई. गुलाम हीदेखील मालमत्ताच, म्हणून त्या यादीत गुलामाचे नाव, वय, किंमत, कसब, आजार आणि पुष्कळदा 'राष्ट्र' म्हणजे आफ्रिकेतला मूळ समाज लिहिलेला असे: वोलोफ, बांबारा, मिना, इग्बो, कोंगो. माणसाची वस्तू करणाऱ्या कायद्यानेच त्याची ओळख जपून ठेवली होती, ती विक्रीच्या भावाशेजारी.

हॉल यांनी पुढची दीड दशके परगण्यापरगण्यातली फ्रेंच आणि स्पॅनिश दप्तरे वाचून एकेक माणूस संगणकात उतरवला. इथे प्रत्येक रकाना हा वादाचा विषय होता. 'बांबारा' हा शब्द त्या माणसाने स्वतः सांगितलेला, की लिहिणाऱ्या कारकुनाने अंदाजाने घातलेला? 'मिना' म्हणजे बंदराचे नाव, भाषेचे, की समाजाचे? हॉल यांनी कारकुनाचा शब्द एका रकान्यात तसाच ठेवला आणि आपला निष्कर्ष वेगळा नोंदवला. अशी एक लाखाहून अधिक माणसांची नोंद २००० साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने सीडीवर प्रसिद्ध केली. लवकरच ती इंटरनेटवरही सर्वांना खुली झाली. तिचे पहिले उत्सुक वाचक प्राध्यापक नव्हते. आपल्या पणजोबांच्या मागचे नाव शोधणारी कृष्णवर्णीय कुटुंबे त्या नोंदीवर तुटून पडली.

याच सुमारास अटलांटिकपलीकडच्या गुलामव्यापाराची दुसरी मोठी नोंद पुरी होत होती. डेव्हिड एल्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली २७,२३३ जहाजफेऱ्यांची सीडी काढली. २००८ साली ती एमरी विद्यापीठाच्या आश्रयाने संकेतस्थळावर आली, तेव्हा फेऱ्यांची संख्या ३५,०००च्या घरात गेली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवलेल्या माणसांचा आज सर्वत्र दिला जाणारा सुमारे १ कोटी २५ लाखांचा अंदाज ह्याच कामातून निघाला. हॉल यांच्या यादीत माणसे आहेत, या यादीत जहाजे. बहुतेक फेऱ्यांच्या नोंदीत जहाजाचे आणि कप्तानाचे नाव सापडते. खालच्या मजल्यावरच्या माणसांचा फक्त आकडा.

वर्गातल्या विद्यार्थ्यांना या व्यवहारात खऱ्या अर्थाने ओढले ते एडवर्ड एअर्स यांनी. व्हर्जिनिया विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या एअर्स यांना अमेरिकेच्या यादवी युद्धाविषयी पुस्तक लिहायचे होते. त्यांनी त्यासाठी एकाच मोठ्या खोऱ्यातले दोन परगणे निवडले: दक्षिणेकडच्या व्हर्जिनियातला ऑगस्टा आणि उत्तरेकडच्या पेनसिल्व्हेनियातला फ्रँकलिन. जमीन सारखी, पिके सारखी, चर्चही पुष्कळशी सारखी. फरक एकच, ऑगस्टात गुलामगिरी होती. सारखे शेजारी परस्परांच्या जिवावर का उठले, हा पुस्तकाचा प्रश्न होता. १९९२ साली विद्यापीठाने आयबीएमच्या मदतीने मानव्यविद्यांसाठी संगणक संस्था काढली, तेव्हा एअर्स तिच्या पहिल्या संशोधकांपैकी एक झाले आणि पुस्तकाची साधनेच आधी सर्वांसमोर मांडायचे ठरले. चित्रे दाखवणारा ब्राउझर १९९३ साली नुकताच आला होता; त्याच वर्षी 'व्हॅली ऑफ द शॅडो' हा प्रकल्प इंटरनेटवर दिसू लागला.

प्रकल्पाची मांडणी एखाद्या इमारतीच्या नकाशासारखी आहे. युद्धापूर्वी, युद्धकाळ आणि युद्धानंतर अशी तीन अष्टकोनी दालने; दालनाच्या एकेका बाजूला वर्तमानपत्रे, पत्रे-रोजनिश्या, जनगणना, कराच्या याद्या, चर्चची दप्तरे, सैनिकांच्या नोंदी. ऑगस्टाच्या स्टॉन्टन गावातले वर्तमानपत्र आणि फ्रँकलिनच्या चेंबर्सबर्गमधले वर्तमानपत्र एकाच तारखेला काय म्हणत होते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. १८५९ साली गुलामांचा उठाव घडवायला निघालेला जॉन ब्राउन चेंबर्सबर्गलाच मुक्काम करून गेला होता आणि ३० जुलै १८६४ रोजी दक्षिणेच्या घोडदळाने तेच गाव जाळले. आगीत घर गमावलेल्या माणसाची चार वर्षांपूर्वीची मालमत्ता १८६०च्या जनगणनेत किती नोंदली होती, हे नाव टाकून काढता येते.

हे सारे टंकले कुणी? विल्यम थॉमस आणि अ‍ॅन सारा रुबिन हे एअर्स यांचे संशोधक विद्यार्थी प्रकल्पाचे सहसंचालकच झाले, आणि त्यांच्या हाताखाली पदवीच्या विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मसमोर बसून मजकूर उतरवला, बातम्यांचे सारांश केले, जनगणनेचे रकाने भरले. इतिहासाच्या तासाला आजवर विद्यार्थी पुस्तकातून निष्कर्ष वाचत आले. इथे त्यांना पुसट अक्षर, एकाच आडनावाची तीन वेगवेगळी रूपे आणि न जुळणाऱ्या बेरजा भेटल्या. नक्कल करणे हे कारकुनी काम समजले जाते. संशोधनाचे पहिले खरे शिक्षण त्याच कामात मिळते, हे जुन्या दप्तरात बसलेल्या कुणालाही नव्याने सांगायला नको.

एअर्स यांचे पुस्तक २००३ साली आले आणि त्याला बॅन्क्रॉफ्ट पारितोषिक मिळाले. प्रकल्पाचे काम २००७ साली पुरे झाले. त्याहून बोलका आहे तो मधला एक प्रयोग. २००३च्या डिसेंबरात थॉमस आणि एअर्स यांनी 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू' या प्रतिष्ठित नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. छापील अंकात त्याचा परिचय तेवढा होता. खरा लेख संकेतस्थळावर, विधाने, पुरावे, नकाशे आणि पूर्वसूरींची मते एकमेकांना जोडलेल्या तुकड्यांत. वाचकाने हवा तो धागा धरावा, ही अपेक्षा. परीक्षणाला आलेले पहिले रूप तज्ज्ञ प्राध्यापकांनाच गोंधळात टाकणारे ठरले आणि लेखकांना युक्तिवादाची सरळ वाट पुन्हा आखून द्यावी लागली. साधने खुली ठेवता येतात, युक्तिवादाला मात्र क्रम लागतो. या बाबतीत छापील निबंधाने संगणकापुढे अजून तरी हार मानलेली नाही.

फोगेल यांच्यावर तुटून पडलेल्या गुटमन यांचा धागा इथे पुन्हा येतो. त्यांनी १९८१ साली न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात कामकरी माणसांचा इतिहास सामान्य वाचकांपर्यंत नेणारा प्रकल्प सुरू केला होता. आकड्यांच्या या टीकाकाराच्या मृत्यूनंतर त्याच प्रकल्पातून, १९९३ साली, 'हू बिल्ट अमेरिका?' ही सीडी निघाली. तिच्या कर्त्यांपैकी रॉय रोझेनझ्वाइग यांनी पुढच्याच वर्षी व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहास आणि नव्या माध्यमांचे केंद्र स्थापन केले. ती सीडी एका विशिष्ट कंपनीच्या संगणकांसाठी बनलेली होती. प्रणाली बदलल्या आणि काही वर्षांत ती साध्या संगणकावर चालेनाशी झाली. त्याच नावाचा छापील ग्रंथ कपाटातून काढून अजून वाचता येतो. रोझेनझ्वाइग यांनी हा धडा मनावर घेतला. २००३ साली त्यांनी लिहिलेल्या निबंधाचा प्रश्नच तो होता: उद्याच्या इतिहासकाराला साधनांची टंचाई भासणार, की महापुरात त्याचा जीव गुदमरणार? त्यांच्या केंद्राने ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर लोकांच्या ईमेल, आठवणी आणि छायाचित्रे गोळा केली. तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्वीकारला. संदर्भ टिपून ठेवणारे 'झोटेरो' (२००६) आणि छोट्या संग्रहालयांना प्रदर्शन मांडता येईल असे 'ओमेका' (२००८) ही फुकट साधनेही तिथलीच. संशोधक विद्यार्थी आज 'झोटेरो' वापरतात तेव्हा ते इतिहासाच्या विभागात जन्मले, हे बहुतेकांच्या गावीही नसते. रोझेनझ्वाइग स्वतः २००७ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गेले.

मोजणीचे युग मागे पडून शोधाचे युग आले ते या टप्प्यावर. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तान्त १६७४ ते १९१३ या काळाचे आहेत. टिम हिचकॉक आणि रॉबर्ट शूमेकर या प्राध्यापकांनी ते २००३पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर आणले: १,९७,७४५ खटले, सुमारे १२ कोटी ७० लाख शब्द. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब 'स' हुबेहूब 'फ'सारखा दिसतो आणि अक्षरे ओळखणारे यंत्र तिथे हमखास फसते. म्हणून आरंभीच्या दीड शतकाचा मजकूर दोन टंकलेखकांनी एकमेकांशी संबंध न ठेवता दोनदा टंकला, यंत्राने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या आणि फरक पडला तिथे तिसऱ्या माणसाने मूळ पान उघडले. मग गुन्हा, निकाल, शिक्षा अशा खुणा मजकुरात घालण्यात आल्या. पुढे सर्व खटल्यांची शब्दसंख्या एका आलेखावर मांडली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात अगदी थोडक्या शब्दांत आटोपलेल्या खटल्यांचा दाट पट्टा उमटला. आरोपी गुन्हा कबूल करून मोकळे होऊ लागले होते. न्यायालयातली झुंज कमी होऊन तडजोड वाढत होती. खटले एकेक करून वाचणाऱ्याला असे दोन ओळींचे खटले कंटाळवाणे वाटून तो पान उलटतो.

सगळ्याच संग्रहांना अशी दुहेरी टंकलेखनाची चैन परवडली नाही. वर्तमानपत्रांची कोट्यवधी पाने यंत्राने वाचली आणि त्या वाचनातल्या चुका शोधपेटीच्या मागे लपून राहिल्या. शब्द सापडला नाही म्हणजे तो तिथे नाही, असे वाचणारा समजून चालतो. कॅनडातल्या इयन मिलिगन यांनी २०१३ साली दाखवून दिले की टोरंटोची दोन वर्तमानपत्रे शोधण्याजोगी झाल्यावर कॅनडाच्या इतिहासावरच्या प्रबंधांत त्यांचेच दाखले वाढले; इतर गावांची पत्रे मागे पडली. लारा पटनम यांनी २०१६ साली याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. पूर्वी परदेशातला एक तपशील काढायला त्या देशात राहावे लागे, भाषा शिकावी लागे. आजूबाजूचे न शोधलेलेही डोळ्यांखालून जाई. आता तपशील एकटाच हाती येतो. पुराभिलेखागारातले कामही बदलले. प्राध्यापक आता तिथे वाचत नाही, दिवसभर भ्रमणध्वनीने फोटो काढतो आणि घरी येऊन वाचीन म्हणतो. फोटो हजारो साठतात. वाचन राहून जाते, हे मान्य करायला फारसे कुणी तयार नसते.

वर्गात या अतिविश्वासाचा समाचार घेण्याचा एक धीट, काहींच्या मते उद्धट, प्रयोग जॉर्ज मेसन विद्यापीठातच झाला. २००८ साली मिल्स केली यांनी भूतकाळाविषयी खोटे बोलण्याचा अभ्यासक्रम लावला. विद्यार्थ्यांनी आधी इतिहासातल्या प्रसिद्ध लबाड्यांचा अभ्यास करायचा आणि मग स्वतः एक लबाडी रचायची. त्यांनी एडवर्ड ओवेन्स नावाचा 'शेवटचा अमेरिकी चाचा' जन्माला घातला: १८७०च्या दशकात व्हर्जिनियातले कालवे पकडण्याचे काम बसल्यामुळे लुटारू बनलेला कोळी. त्याचा 'शोध' लावणारी एक विद्यार्थिनीही कल्पनेतलीच. तिच्या नावाने टिपणे, चित्रफिती आणि विकिपीडियावरचा लेख. आर्थिक पेच खरा, ठिकाणे खरी, दाखलेही बरेचसे खरे. माणूस तेवढा खोटा. लोक फसले, काही प्राध्यापकही. २०१२ साली पुढच्या तुकडीने न्यूयॉर्कच्या एका खुन्याची कथा एका मोठ्या चर्चास्थळावर सोडली, तेव्हा ती २६ मिनिटांत उघडी पडली. विकिपीडियाच्या बाजूने टीका झाली, आणि ती वाजवी होती: स्वयंसेवकांनी जपलेल्या विहिरीत गढूळ पाणी ओतून पाणी तपासायला शिकवणे हा शिकवण्याचा महागडा मार्ग आहे.

प्राध्यापकांनाही या शिक्षणाची गरज होती, हे पाच वर्षांनी दिसले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली १० पीएचडीधारक इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. इतिहासकारांनी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचले, मुद्रा आणि तळटिपा पाहिल्या आणि पुष्कळदा फसले. तथ्यतपासनीस मात्र पान नीट न वाचताच बाजूला नवी खिडकी उघडून 'हे लोक कोण' हे दुसरीकडे शोधत. पान वाचण्याआधी लेखक तपासणे हा खरे तर इतिहासकाराचाच जुना नियम. कागद समोर असला की तो आठवतो. पडद्यासमोर तो विसरला गेला.

मराठी साधनांच्या बाबतीत हा सगळा व्यवहार दोन पायऱ्या मागून सुरू होतो. पहिली पायरी अक्षरांची. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, पण प्रत्यक्ष वापर रुळायला २००० नंतरची काही वर्षे गेली. त्याआधी निरनिराळ्या फाँटांत टंकलेले प्रबंध त्या फाँटाशिवाय उघडले की रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. त्यात शब्द शोधणे ही दूरची गोष्ट. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने हजारो जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून मोठे काम केले, मात्र त्यांची नावे रोमनमध्ये आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने नोंदली गेली. त्यामुळे हवे ते पुस्तक तिथे असूनही हाती लागत नसे आणि शोधणारा चार-पाच प्रकारे चुकीचे लिहून पाहायला शिकला. ग्रंथपालाच्या जागी हे नवे कौशल्य आले आहे.

दुसरी पायरी मोडीची. पेशवेकालीन पत्रव्यवहार, हिशेब, न्यायनिवाडे यांचा अफाट साठा पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेला आहे आणि तो जवळपास सगळा मोडीत आहे. मोडी युनिकोडमध्ये आली ती २०१४ साली, सातव्या आवृत्तीत. जागा मिळाली म्हणून यंत्राला ती वाचता येते असे नाही. लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे जोडत जाई. दोन शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. इंग्रजी हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्रापुढे 'हा शब्द कोणता' असा प्रश्न असतो. मोडीत 'शब्द कुठे संपला' इथूनच सुरुवात. शिवाय पुष्कळ पत्रांवर साल नसते; 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र म्हणजे तारीख आणि महिन्याचे नाव तेवढे. संगणकाच्या तारखेच्या रकान्यात काय भरायचे? मजकुरातली लढाई, मुक्काम, नावे यांवरून साल ठरवायचे आणि मग जंत्री उघडायची, ही इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या पिढीने घालून दिलेली रीत अजून चुकत नाही. हॉल यांच्याप्रमाणे मुळातली मिती आणि संपादकाने ठरवलेले साल असे दोन रकाने ठेवणे, हाच त्यावरचा शहाणा उपाय.

हस्ताक्षर ओळखणाऱ्या आजच्या प्रणालींना शिकवण्यासाठी मूळ पान आणि त्याचे माणसाने केलेले बिनचूक वाचन अशा जोड्या लागतात. मराठीत असे वाचन एका शतकाहून अधिक काळ होत आले आहे. राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त आणले, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघाले, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून घेतले. हजारो मोडी कागदांचे बाळबोध रूप त्यामुळे आधीच तयार आहे. पण संपादकांनी छापताना शब्द तोडले, विरामचिन्हे घातली आणि ओळी छापखान्याच्या मापाने वळवल्या. छापील ओळ मूळ कागदाच्या ओळीशी जुळत नाही, आणि यंत्राला ती ओळीला ओळ जुळलेली लागते. त्यासाठी मूळ कागदाचा फोटो एका बाजूला, छापील खंड दुसऱ्या बाजूला ठेवून मोडी जाणणाऱ्या माणसाला प्रत्येक ओळ कुठे संपते ते बोटाने दाखवत जावे लागते.